अटीत न बसणारी माणसं

माझी आई लाडकी बहीण योजनेत बसत नाही. इंदापूरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं आणि विषय निघाला, की ती हे स्वतःहून सांगते. "आम्ही नाही बसत त्यात. पोरगं इन्कम टॅक्स भरतंय." समोरच्या बाईच्या खात्यावर पैसे आलेले असतात, आईच्या खात्यावर नसतात, आणि तरी वाक्य संपताना मान आईचीच ताठ असते.

जून २०२४ मध्ये ही योजना जाहीर झाली. जाहीर करणारे तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार बारामतीचेच आमदार, त्यामुळे आमच्या भागात तिच्यावर जरा जास्तच चर्चा झाली. महिन्याला १५०० रुपये. वय २१ ते ६५. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरात कुणी आयकर भरणारं नको, सरकारी नोकरीत कायम असलेलं नको, आणि नावावर चारचाकी नको, ट्रॅक्टर वगळून. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, टॅक्स भरतो आणि अविवाहित आहे. हे सगळं आईला समजावून सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तू लग्न केलंस की मी बसते?"

तेव्हापासून घरात माझ्या लग्नाच्या विषयाला दीड हजारांची जोड मिळालेली आहे.

मला मात्र त्या संभाषणातलं एक क्रियापद डोक्यात राहिलं. बसणं. आमच्याकडं कुणी सहसा "मी अपात्र ठरलो" असं म्हणत नाही. कर्जमाफीत बसलो नाही, घरकुलात बसलो, वयात बसत नाही, मेरिटला बसलो नाही, असं म्हणतात. कागदावर मात्र 'अपात्र' असतं. पंचायतीच्या बोर्डावर यादी लागते ती 'पात्र' आणि 'अपात्र' लाभार्थ्यांची. ती वाचून घरी गेलेला माणूस सांगतो, "नाही बसलो." यादीपासून घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये शब्द बदलतो. तो का बदलत असेल, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. एक तर माझं कामच अर्ज आणि अटींचं आहे. दुसरं कारण माझा चुलत भाऊ. त्याच्याकडं येतोच.

कुठं काय म्हणतात

आधी आमच्या भागातला शब्दांचा साठा सांगतो. तुमच्याकडचे शब्द थोडे वेगळे असतील, पण ओळखू येतील.

पहाटे पाच वाजता बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर गेलात तर पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. पुरुषांसाठी उंची १६५ सेंटिमीटर. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. मग ग्राउंड, मग लेखी. इथं माणूस 'जातो'. "तो उंचीत गेला." "हा छातीत गेला." "ग्राउंड निघालं, पण लेखीला दोन मार्कांनी गेलो." मेडिकलला मात्र माणूस जात नाही, 'उडतो'. आणि जो आतही नाही आणि बाहेरही नाही, तो 'वेटिंगला' असतो. काही पोरं वेटिंगला असण्यातच वर्षं काढतात.

मी बारामतीत इंजिनिअरिंग केलं. तिथला साठा वेगळा. विषय राहिला की 'बॅक' लागतो, फार राहिले की 'वायडी', म्हणजे वर्ष डाउन. कॅम्पसला कंपनी आली की पहिला प्रश्न, "थ्रूआउट साठ आहे का?" दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री, सगळीकडं ६० टक्के. 'थ्रूआउट' हे आमच्याकडं नाम झालं होतं. "त्याचं थ्रूआउट नाही" म्हणजे तो हॉलच्या दारातूनच परत. शिवाय बॅक दोन प्रकारचे. न सुटलेला तो 'लाइव्ह बॅक' आणि सुटलेला तो 'डेड बॅक'. जिवंत असणं वाईट आणि मेलेलं चांगलं, अशी ही एकमेव जागा मला माहीत आहे.

साखर कारखान्यांचं वेगळंच. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या भागात सभासद असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सभासद नसलेला 'बिगरसभासद', आणि बाहेरून आलेला त्याचा ऊस 'गेटकेन'. ऊस तोच, पाणी तेच, पण नाव वेगळं. पुढं २०१३ साली सहकार कायद्यात दुरुस्ती होऊन सभासदांचेच दोन भाग झाले, क्रियाशील आणि अक्रियाशील. सभेला हजर राहणं आणि संस्थेच्या सेवा किमान प्रमाणात वापरणं, यावर ते ठरायचं. शेजारच्या एका आजोबांनी तो शब्द दोनदा वाचून मला विचारलं होतं, "अक्रियाशील म्हणजे रे काय? मेल्यात जमा का?"

आणि लग्न. तिथं तर कुणी काही ठरवतच नाही. शेती करणाऱ्या मुलाचं स्थळ गेलं की आठवड्याभरानं निरोप येतो. मुलीला अजून शिकायचंय. पत्रिकेत एकनाड आली. पुढं बघू. यात 'नाही' हा शब्द कुठंच नसतो. तरी दोन्ही घरांना समजलेलं असतं.

एवढे शब्द आहेत आपल्याकडं. प्रत्येकाची जागा ठरलेली, वजन ठरलेलं. बहुतेकांत एक गोष्ट समान आहे. माणूस कशात गेला ते कळतं. उंचीत, छातीत, वयात, थ्रूआउटमध्ये. आणि 'बसला नाही' म्हणताना डोळ्यांपुढं येते ती भरलेली एसटी. जागा नव्हती, किंवा आपण तिच्यात मावलो नाही. पुढची बघायची. एसटीत बसायला मिळालं नाही म्हणून कुणी माणूस म्हणून कमी होत नाही.

बाद

या सगळ्यांत माझा आवडता शब्द 'बाद'. मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला. मूळ अर्थ 'नंतर'. हिंदीत अजून तोच आहे, 'इसके बाद'. मराठीत मात्र तो वजाबाकीत गेला. अडतीवर धान्याचं वजन करताना 'बारदान बाद' म्हणतात, म्हणजे पोत्याचं वजन वजा. पोतं वाईट म्हणून नाही, ते या हिशोबात धरायचं नाही म्हणून. मतमोजणीत मतं बाद होतात, छाननीत अर्ज बाद होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा चलनातून बाद झाल्या. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो. सकाळी खिशातली नोट तीच होती, तिच्यावरचा एक ठिपकासुद्धा बदललेला नव्हता. नियम बदलला होता. बाद होणं म्हणजे काय, हे त्या एका रात्रीत अख्ख्या देशाला समजलं.

'बाद' खरा शोभतो मैदानात. कबड्डी आता टीव्हीवर एकाच नियमानं दिसते, पण जुन्या काळी तिचे तीन प्रकार खेळले जात. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत गडी बाद झाला की बाहेर जायचा, आणि आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी याच प्रकारातून आली. गामिनीत बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. अमरमध्ये गडी बाद व्हायचाच नाही. समोरच्याला गुण मिळायचा आणि हा खेळत राहायचा.

मला हे कळल्यापासून प्रत्येक नियमाकडं बघताना मी मनात विचारतो, हा खेळ तिघांपैकी कोणता? इंजिनिअरिंगचा बॅक म्हणजे संजीवनी, विषय सोडवा आणि परत या. पोलीस भरतीतली वयाची अट म्हणजे गामिनीपेक्षाही कडक, एकदा बाहेर गेलात की संघ कितीही खेळो, तुम्ही बाहेरच. आणि काही माणसांसाठी आपल्याकडं कायमच अमर चालू असतो. त्यांना कितीही वेळा शिवा, ते मैदानातच.

तिन्ही प्रकारांत एक मात्र सारखं होतं. बाद गडी हा गडीच राहतो. 'बाद' ही त्या क्षणाची, त्या डावाची गोष्ट. उद्या नवा डाव.

पात्र

'अपात्र' तसा शब्द नाही.

'पात्र' शब्दाला मराठीत केवढे अर्थ आहेत बघा. पात्र म्हणजे भांडं. नाटकातलं माणूस म्हणजे पात्र. नदी वाहते तो पसारा म्हणजे पात्र. बारामतीतून जाणारी कऱ्हा वर्षाचे कितीतरी महिने कोरडी असते, पण कोरड्या नदीलासुद्धा आपण 'कऱ्हेचं पात्र' म्हणतो. पाणी नाही म्हणून ती अपात्र होत नाही.

सरकारी कागदावरचं 'पात्र' मात्र यातल्या कशाच्याही जवळचं नाही. ते जवळचं आहे दानाच्या. सत्पात्री दान आणि अपात्री दान हे शब्द आजी-आजोबांच्या तोंडी ऐकलेले असतात. दान कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, याचा तो जुना विचार. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाचे प्रकार सांगताना पात्र आणि अपात्र हाच निकष येतो. तिथं पात्र म्हणजे ज्याला द्यावं असा योग्य माणूस. योग्यता त्या माणसात असते, किंवा नसते.

१९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्याचं भाषा संचालनालय स्थापन झालं. इंग्रजीतला कारभार मराठीत आणायचा म्हणून कोश तयार झाले, आणि कारभाराच्या मराठीनं बरेचसे शब्द संस्कृतातून घेतले. त्यात चूक काढायचा माझा हेतू नाही, ते काम प्रचंड होतं. पण 'पात्र' कागदावर आला तो दानाचा वास घेऊन आला. अर्ज करणारा नागरिक नकळत दान मागणारा झाला, आणि ज्याला मिळालं नाही तो दान देण्याच्या लायकीचा नसलेला.

'लायकी' शब्द मी मुद्दाम वापरला. लायक म्हणजे पात्र, योग्य. 'लायक नाही' तो नालायक. अर्थ अगदी सरळ, अपात्र. पण आज कुणाला नालायक म्हणून बघा. अटीत न बसणं सांगणारा शब्द माणसाला चिकटला, की त्याची शिवी व्हायला वेळ लागत नाही. नालायकच्या बाबतीत ते होऊन गेलेलं आहे.

याउलट 'बहिष्कृत' शब्द बघा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली काढलेल्या संस्थेचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे ज्याला बाहेर काढलं गेलं तो. म्हणजे बाहेर काढणारा कुणीतरी आहे. शब्द ऐकताक्षणी प्रश्न उभा राहतो, कुणी काढलं? 'अपात्र' ऐकून हा प्रश्न उभा राहत नाही. त्यात काढणारा कुठं दिसतच नाही. दोष जणू जन्मतः भांड्यातच.

हाच शब्द मोठ्या माणसांना लागतो तेव्हा काय होतं, तेही आपण बघितलं. जून २०२२ ते जानेवारी २०२४ या काळात टीव्हीवर 'आमदार अपात्रता' याशिवाय दुसरी बातमी नव्हती की काय असं वाटायचं. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट राज्यघटनेत १९८५ साली आलं, त्याखाली एकमेकांविरुद्ध याचिका झाल्या. सर्वोच्च न्यायालय झालं, सुनावण्या झाल्या, साक्षी झाल्या. शिवसेनेबद्दल १० जानेवारी २०२४ ला आणि राष्ट्रवादीबद्दल १५ फेब्रुवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला. दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र ठरलं नाही. निकाल बरोबर की चूक हा वेगळा वाद. माझं लक्ष गेलं ते 'सुनावणी' या शब्दाकडं. एका माणसाला अपात्र म्हणण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्याचा वकील ऐकायचा, कारणं लिहून द्यायची. शब्द तोच. आमच्या पंचायतीच्या बोर्डावर तो फक्त एका रकान्यात येतो.

कालव्याच्या वर

आमच्या भागात माणसं वगळणारी सगळ्यांत जुनी रेषा कागदावर नाही, जमिनीवर आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला. तो बारामतीवरून इंदापूर तालुक्यात येतो. पाणी उतारानं वाहतं, म्हणून कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन बागायती झाली आणि वरच्या अंगाची जिरायतीच राहिली. खाली ऊस, कारखाने, बंगले. वर बाजरी आणि टँकर. दोन शेतांच्या मध्ये फक्त कालवा.

पण वरच्या माणसाला कधी कुणी अपात्र म्हटलं नाही. 'लाभक्षेत्राबाहेर' म्हटलं, 'जिरायती पट्टा' म्हटलं. कारण सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. पाणी चढावर जात नाही. वगळणारी गोष्ट चढ होती, माणूस नव्हे. आणि कारण दिसत होतं म्हणूनच त्यावर उपायही मागता आला. पाणी चढत नसेल तर उचला. जनाई-शिरसाईसारख्या उपसा सिंचन योजना त्यातूनच आल्या. त्या किती चालतात, वीजबिल कोण भरतं, पाणी कधी येतं, यावर आमच्याकडं रात्रभर भांडता येईल. पण भांडायला जागा आहे, एवढं खरं.

कागदावरच्या रेषाही अशाच हलतात. लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वयाची वरची मर्यादा ६० होती आणि पाच एकर जमिनीची अट होती. काही दिवसांतच मर्यादा ६५ झाली आणि जमिनीची अट गेली. एकसष्ट वर्षांची बाई सोमवारी अपात्र होती आणि आठवड्याभरात पात्र झाली. ती त्या आठवड्यात अधिक योग्य झाली नाही. ती भाकऱ्याच थापत होती. रेषा सरकली.

ग्रामपंचायतीत दोन अपत्यांची अट आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्य होता येत नाही. आमच्या गावगप्पांत यावर म्हटलं जातं, "तिसऱ्यानं सरपंचपद घालवलं." बोलीत बघा, लगेच कारण आलं. कशानं गेलं ते कळलं. तिथंही 'तो अपात्र आहे' असं कुणी म्हणत नाही.

इथं एक शंका माझ्या मीच घेतो. नुसता शब्द गोड केला की झालं का? नाही. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' शेरा गेला आणि त्याजागी 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. हेतू चांगला होता. आमच्या गावातल्या पोरांनी पहिल्याच निकालाला त्याचा निकाल लावला. "काय लका, कौशल्य विकासाला का?" म्हणजे नापास. खालची परिस्थिती तीच ठेवून वरचा शब्द बदलला, तर चार महिन्यांत नवा शब्द जुन्याच जागी जाऊन बसतो. म्हणून माझा मुद्दा शब्द मऊ असावा हा नाही. शब्दानं खरं सांगावं, एवढाच आहे. कशात गेलो ते सांगावं, रेषा कुणाची ते सांगावं, आणि परत यायची वाट असेल तर ती दाखवावी.

तीस अक्षरांची जागा

आता माझ्या चुलत भावाकडं येतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादानं सहा-सात वर्षं पोलीस भरती केली. उंची होती, छाती होती, ग्राउंड तर आमच्या पंचक्रोशीत त्याच्यासारखं कुणाचं निघत नव्हतं. एकदा लेखीला गेला, एकदा वेटिंगला राहिला. वयाची अट खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गांना ३३. दादाची वेळ संपली. "वयात गेलो," एवढंच म्हणाला आणि शेतात जायला लागला. त्यातून तो सावरला होता. मी साक्षीला आहे.

मग त्यानं गाईंच्या गोठ्यासाठी एका ठिकाणी ऑनलाइन अर्ज केला. कागद जोडले, फोटो काढले, ओटीपी आले-गेले. तीन आठवड्यांनी मोबाइलवर एक ओळ आली, 'आपण अपात्र आहात.' कारण नाही, अट नाही, फोन नंबर नाही. दोन ठिकाणी जाऊन विचारलं. दोघांनी स्क्रीन फिरवून तीच ओळ त्याला परत दाखवली.

दिवाळीत सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. काकूंनी दादाच्या लग्नाचा विषय काढला, कुठलंतरी स्थळ होतं. दादा ताटाकडं बघत म्हणाला, "राहू दे गं. अपात्र माणसाला कोण देतंय पोरगी?"

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मला मात्र घास गिळेना. भरतीत गेला तेव्हा तो उंचीत नाही, छातीत नाही, 'वयात' गेला होता. बाकीचा दादा शाबूत होता. इथं बाकी काही राहिलंच नव्हतं. अर्जावरचा शब्द अर्जावरून उठून त्याच्या अंगावर येऊन बसला होता.

मी ज्या कंपनीत काम करतो ती असेच अर्ज चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. त्या दिवाळीनंतर दोन महिन्यांनी आमच्या एका प्रॉडक्टचं मराठी करायचं काम निघालं. टीममध्ये मराठी वाचणारे तिघं, म्हणून शब्द तपासायची यादी माझ्याकडं आली. एक्सेलमध्ये चारशे ओळी. त्यातली एक ओळ मशीननं भाषांतर करून दिलेली होती, 'आपण अपात्र आहात'.

आमच्या धंद्यात ही गोष्ट आतून कशी असते तेही सांगतो. प्रत्येक अर्जाला एक फ्लॅग असतो, खरा किंवा खोटा. पण तो फ्लॅग खोटा व्हायच्या आधी पाच-दहा अटी एकामागून एक तपासलेल्या असतात. वय, उत्पन्न, कागद, खातं. कोणती अट अडली, हे मशीनला शंभर टक्के माहीत असतं. ते एका रकान्यात लिहिलेलंही असतं. पडद्यावर दाखवताना तेवढंच गाळलं जातं. म्हणजे कारण नसतं असं नाही. ते तिथंच असतं, अर्जदारापासून एका ओळीच्या अंतरावर.

मी त्या जागी लिहिलं, 'या अर्जात ही अट पूर्ण होत नाही', आणि पुढं अटीचं नाव. खाली, 'पुन्हा अर्ज कधी करता येईल'. मीटिंगमध्ये आक्षेप आले. जागा तीस अक्षरांची आहे. कारण दाखवलं तर लोक वाद घालतात, फोन वाढतात. मी म्हटलं, कारण न दाखवल्यावर लोक वाद घालत नाहीत, हे खरंय. ते घरी जाऊन स्वतःलाच लावून घेतात. त्याचा फोन आपल्याला येत नाही, एवढंच.

तीन आठवडे ही ओळ अडून राहिली. शेवटी निम्मं झालं. अटीचं नाव दिसायला लागलं. 'पुन्हा कधी' पुढच्या व्हर्जनला ढकललं, ते अजून ढकललेलंच आहे. पण 'आपण' गेलं. वाक्याचा कर्ता आता अर्ज आहे, माणूस नाही. मराठीत तेवढं केलं तरी पुष्कळ होतं.

दादाच्या अर्जाला याचा काही उपयोग झाला नाही, ते पोर्टल आमचं नव्हतं. बऱ्याच हेलपाट्यांनंतर त्याला कळलं की उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीनं वेगळं होतं. ऱ्हस्व आणि दीर्घ. माणूस अपात्र होण्याइतकं दीर्घ. दुरुस्ती झाली, पण तोवर त्या वर्षीची मुदत संपली. पुढच्या वर्षी तो पुन्हा भरणार आहे.

सध्या पहाटे तो गावातल्या भरतीच्या पोरांचं ग्राउंड घेतो. शाळेच्या भिंतीवर त्यानं खडूनं १६५ ची रेघ मारली आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी तिथं उभं करतो. मागच्या शनिवारी मी गेलो होतो. बारावी झालेला एक पोरगा दोन बोटं कमी भरला. त्यानं टाचा उचलून बघितलं, मग खाली केल्या. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उंचीत जातोयस तू. पळायला भारी आहेस, अभ्यास पण बरा आहे. ग्रॅज्युएशन सोडू नको. तलाठ्याला उंची लागत नाही."

पोरगा म्हणाला, "मग आज पळू का नको?"

"पळ की. पळायला कुठं अट आहे?"